चिंतामणी टिपणीसांची अर्धी मॅरेथॉन

चिंतामणी टिपणीस धावायला लागले ही बातमी अंबरनाथच्या शिवमंदिर परिसरात पसरली, तेव्हा लोकांनी पहिली चौकशी केली ती ही, की मागे कुत्रं लागलं होतं का. टिपणीसांना याचं जराही वाईट वाटलं नाही. आरशात पाहून त्यांनीही स्वतःला हेच विचारलं असतं. वय सत्तावन्न. एका रंगाच्या कारखान्यातून अधिकारी म्हणून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. पोट पँटच्या पट्ट्याला न जुमानणारं. खेळातली आजवरची कमाई म्हणजे शाळेत लिंबू-चमच्याच्या शर्यतीत आलेला तिसरा नंबर, आणि त्या शर्यतीत तिघेच होते हेही ते आपणहून सांगत. दुसऱ्याने आपली टर उडवण्याआधी आपणच उडवून मोकळं व्हावं, असं त्यांचं धोरण होतं. या धोरणावर त्यांची नोकरी, संसार आणि मित्रमंडळी असं सगळं बऱ्यापैकी निभावलं होतं.

तर असा हा गृहस्थ एकवीस किलोमीटर धावायला निघाला, आणि तो निघाला जावयापायी.

टिपणीसांना एकुलती एक मुलगी, राजसी. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न पुण्याच्या समीरशी झालं. दोघंही कॉम्प्युटरवाली. समीर सालस मुलगा, पण त्याला एक विचित्र वेड होतं. शनिवारी गाडीत बसायचं, कुठल्यातरी गावात उतरायचं, रविवारी पहाटे तिथली अर्धी मॅरेथॉन धावायची, मग त्या गावात जे काही नावाजलेलं असेल ते पोटभर खायचं आणि रात्री घरी परतायचं. कोल्हापूरला धावून तो तांबडा-पांढरा रस्सा प्यायला, नाशकात धावून मिसळ खाल्ली, हैदराबादेत बिर्याणी. टिपणीसांना यातलं धावणं कधी समजलं नाही. खाणं मात्र ताबडतोब समजलं.

दोन हजार सात साल संपत आलं होतं. बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या तीन गावांचं पाणी, कचरा आणि रस्ते यांपैकी कशावरही एकमत होत नसे. तरीही एका क्रीडा मंडळाने तिन्ही गावांतून जाणारी अर्धी मॅरेथॉन काढली. बदलापुरात सुरुवात, अंबरनाथला वळसा आणि उल्हासनगरच्या मैदानात शेवट. समीरला हे इंटरनेटवर समजलं आणि त्याचा उत्साहाने फोन आला.

"बाबा, अहो तुमच्याकडेच आहे की! अजून महिना आहे, आदल्या शनिवारी येतो आम्ही. पण बाबा, तिकडे खायला काय फेमस आहे?"

प्रश्न साधा होता, पण टिपणीसांच्या वर्मी लागला. तीस वर्षं ज्या गावात काढली तिथे खायला काय आहे असं कुणी विचारावं, आणि आपल्याला चटकन उत्तर सुचू नये! ते म्हणाले, "या तर खरं. खाऊन खाऊन दमाल." फोन ठेवल्यावर त्यांनी अर्धा तास विचार केला. तेव्हा त्यांना डोळ्यांपुढे फक्त स्टेशनाबाहेरचा वडापाव दिसत होता.

पण खरी गोम वेगळीच होती. त्याच आठवड्यात त्यांची बायको नीलिमा म्हणाली होती, "राजसीचा फोन होता. बंगळूरचं काहीतरी चाललंय म्हणाली. मोठी कंपनी आहे म्हणे."

बंगळूर हा शब्द टिपणीसांना मुळीच मानवला नाही. त्यांच्या इमारतीत तळमजल्यावरचे दिघे जागा विकून मुलाकडे चालले होते. त्या जागेत राजसी राहायला आली आहे असं टिपणीस गेले दोन महिने रोज दुपारी पडल्या पडल्या पाहत होते. तिचा आवाज जिन्यातून वर येतोय. नीलिमा वाटीत काहीतरी झाकून देतेय आणि ते स्वतः ती वाटी घेऊन एक मजला उतरताहेत. बस, एवढंच. पुण्याहून मुंबईच्या बाजूला बदली मागणं समीरला अवघड नव्हतं, असा त्यांचा स्वतःपुरता हिशेब होता. दिघ्यांना त्यांनी महिनाभर जागा कुणाला दाखवू नका असं सांगूनही ठेवलं होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो म्हणतात. इथे तर सासऱ्यानेच बांधलं होतं.

"आता जावयांना वळवायला हवं," ते म्हणाले.

"आधी राजसीशी बोला," नीलिमा म्हणाली.

"तिच्याशी काय बोलायचं? ती आपलीच आहे."

नीलिमाने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती कुकर लावायला निघून गेली. एकतीस वर्षांच्या संसारात टिपणीसांना एवढं समजायला हवं होतं, की नीलिमा वाद न घालता उठून जाते तेव्हा आपण नक्की चुकत असतो.

जावई हा दशमग्रह, असं जुनी माणसं म्हणून गेली आहेत. बाकीचे नऊ ग्रह पूजेने शांत होतात, दहाव्याला जेवणच घालावं लागतं. टिपणीसांनी मोहीम आखली. शर्यतीच्या रस्त्यावर आपली माणसं उभी करायची. प्रत्येकाने जावयाला दोन घास खिलवायचे आणि आपल्या गावाबद्दल दोन चांगले शब्द बोलायचे. धावता धावता मुलाचं मत पालटलं पाहिजे. माणसंही ठरली. बदलापुरात नीलिमाची गोदूमावशी. अंबरनाथला बुवापाड्यातला महेंद्र रोकडे, कारखान्यातला जुना सहकारी. उल्हासनगरला सिंधी दाल-पकवानवाला हासानंद, ज्याच्याकडे टिपणीस दर रविवारी हजेरी लावत. प्रत्येकाला त्यांनी जातीने भेटून सांगितलं, आणि प्रत्येकाने "तुम्ही अगदी निर्धास्त असा" असं म्हटलं. इतकी माणसं एकाच वेळी निर्धास्त राहा म्हणतात तेव्हा माणसाने सावध व्हावं, पण टिपणीस खूश होऊन घरी आले.

आता राहिलं धावणं. जावई पुढे धावणार आणि सासरा रिक्षातून मागे येणार हे काही शोभेना. म्हणून त्यांनी स्वतःचंही नाव दिलं. कॅनव्हासचे बूट आणले. कुणाला दिसू नये म्हणून अंधारात मंदिराच्या रस्त्याने धावू लागले आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना दिसले, कारण देवळात पहाटे येणाऱ्यांची संख्या त्यांनी जमेस धरली नव्हती. लोक दर्शन घेऊन निघत आणि वाटेत धापा टाकणाऱ्या टिपणीसांनाही सवयीने हात जोडत. महिनाभरात ते न थांबता दुधाच्या केंद्रापर्यंत धावू लागले. दुधाचं केंद्र घरापासून किती लांब आहे हे ते कुणाला सांगत नसत.

शनिवारी मुलगी-जावई आले. नीलिमाने वालाचं बिरडं घातलं होतं. वाल भिजवायचे, त्यांना मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. हा उद्योग टिपणीसांच्या घरात सणासारखा चाले. राजसीने बॅग खाली ठेवली आणि नेहमीच्या सवयीने आईसमोर बसून वाल सोलायला घेतले. टिपणीसांनी मात्र समीरचा चहा संपायच्या आत त्याला उठवलं.

"चला, खालची जागा दाखवतो. सहज. आपलं पाय मोकळे करायला."

पाय मोकळे करायला माणसं देवळाकडे जातात, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जात नाहीत. पण समीर त्यांच्यामागे खाली उतरला. त्याने खिडक्या पाहिल्या, नळ उघडून पाहिला, "छान आहे हो बाबा, हवेशीर आहे" म्हणाला. टिपणीस इतके हरखले की जिना चढताना त्यांनी गुडघेदुखीची नेहमीची कुरकुरसुद्धा केली नाही.

रात्री समीरच्या पानात बिरड्याचा डोंगर झाला.

"बाबा, उद्या धावायचंय. आज जरा हलकं खाल्लेलं बरं."

"हलकंच आहे हो!" टिपणीसांनी आणखी एक डाव वाढला. वालाला हलकं म्हणायला माणूस सासराच असावा लागतो.

जेवणं झाल्यावर राजसी गॅलरीत त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. "बाबा, तुमच्याशी जरा बोलायचं होतं."

"उद्या, बाळा. उद्या धावून झालं की निवांत बोलू. आज जावईबापूंना लवकर झोपू दे."

"त्यांना झोपू देत ना. मला तुमच्याशी बोलायचंय."

"उद्या," टिपणीस म्हणाले आणि समीरला पांघरूण पुरतंय का ते पाहायला आत गेले.

पहाटे बदलापुरात चांगली थंडी होती. कुणा स्थानिक पुढाऱ्याने भाषण लांबवलं आणि झेंडी दाखवायच्या आधीच निम्मी माणसं सुटली. समीर हरणासारखा निघून गेला. टिपणीस सगळ्यांच्या मागे, दोन शाळकरी मुलींच्या आणि एका आजोबांच्या सोबतीने निघाले. थोड्या वेळाने मुली पुढे गेल्या. मग आजोबाही गेले. जाताना आजोबा म्हणाले, "सावकाश या हो." टिपणीसांनी मान डोलावली, कारण बोलायला श्वास शिल्लक नव्हता.

पण मोहिमेतली मेख इथेच होती. जावई कितीही पळाला तरी पुढे गोदूमावशी होती. बदलापुरातल्याच कात्रपच्या रस्त्याला टिपणीस धापा टाकत पोचले, तेव्हा समीर रस्त्याच्या कडेला एका पाटावर उभा होता. होय, पाटावर. गोदूमावशीने घरून पाट आणला होता, भोवती रांगोळी घातली होती आणि ती निरांजनाने जावयाला ओवाळत होती. शेजारून धावणारी माणसं मान वळवून पाहत होती. कुणी एक जण तर आपल्यालाही ओवाळतील या आशेने जरा रेंगाळलादेखील.

"मावशी, अगं शर्यत आहे ही!"

"शर्यत आहे म्हणून काय झालं? लग्नानंतर पहिल्यांदा दारावरून चाललेत. तसेच जाऊ देऊ?" मावशीने समीरच्या तोंडात ओल्या नारळाची करंजी कोंबली. मग दुसरी. मग त्याच्या हातात टॉवेल-टोपी आणि नारळ ठेवला. समीरने वाकून नमस्कार केला. गुणी मुलगा. मग मावशी टिपणीसांकडे वळली. "या, आता तुम्ही उभे राहा."

"मी कशाला?"

"कशाला म्हणजे? तुम्हीसुद्धा आमचे जावईच की!"

हे टिपणीसांच्या हिशेबात आलंच नव्हतं. त्यांनाही ओवाळलं गेलं, करंज्या मिळाल्या, टोपी घातली गेली आणि नारळ मिळाला. गावाबद्दल दोन चांगले शब्द बोलायचं मावशी विसरली नव्हती. ती समीरला म्हणाली, "आमचं बदलापूर फार चांगलं हो. फक्त लाईट नसते. पण त्याने एक होतं, टीव्ही बंद राहतो आणि माणसं लवकर झोपतात."

मानाचा नारळ रस्त्याच्या कडेला ठेवता येत नाही. तो विसरताही येत नाही. समीर बिचारा नारळ हातात घेऊनच धावायला निघाला, तेव्हा टिपणीसांना त्याची दया आली आणि त्यांनी त्याचाही नारळ आणि टॉवेल आपल्याकडे घेतला. त्यानंतरची कित्येक मैलांची वाट हा सत्तावन्न वर्षांचा माणूस डोक्यावर टोपी, गळ्यात दोन टॉवेल आणि दोन्ही बगलांत एकेक नारळ घेऊन धावला. धावला म्हणजे काय, हलला. पाण्याच्या टेबलावर त्यांना पेला धरायला हात मोकळा नव्हता, म्हणून एका बाईंनी त्यांना लहान मुलासारखं पाणी पाजलं. "काका, नवस आहे का?" त्यांनी भक्तिभावाने विचारलं. टिपणीसांनी हो म्हटलं. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं, आणि तसं पाहिलं तर खोटंही नव्हतं.

बुवापाड्याच्या वळणावर महेंद्र रोकडेने तर टेबलच मांडलं होतं. वर स्वच्छ चादर, ताटं, पेले. महेंद्र आणि टिपणीस वीस वर्षं एकाच खात्यात होते. टिपणीस साहेब आणि महेंद्र युनियनचा माणूस, त्यामुळे कामावर दोघं रोज भांडत आणि सुटल्यावर एकत्र चहा पीत. महेंद्रची बायको माया भाकऱ्या थापून घेऊन आली होती, आणि पातेल्यात कोंबडीचा रस्सा होता. सकाळचे साडेसात वाजले होते.

"महेंद्र, अरे दोन घास म्हणालो होतो मी. चहा-बिस्कीट!"

"काय साहेब! जावई पहिल्यांदा आमच्या पाड्यात आला आणि चहावर कटवू? ऐसा थोडी चलता है. माया चार वाजता उठलीय."

माया चार वाजता उठलीय म्हटल्यावर टिपणीसांनी दोन्ही नारळ टेबलाखाली ठेवले. समीर दुसऱ्या भाकरीवर होता. त्याच्या कपाळावर घाम होता, पण तो धावण्याचा की रश्श्याचा हे सांगता येत नव्हतं. टिपणीसांनाही ताट मिळालं. रस्सा इतका फक्कड झाला होता की आपण शर्यतीत आहोत हे ते खरोखर थोडा वेळ विसरले. मग मोहिमेची आठवण येऊन त्यांनी महेंद्रला कोपर मारलं. "पाण्याचं सांग ना जरा यांना. आता पाणी चांगलं येतं आपल्याकडे."

"येतं ना!" महेंद्र जोरात म्हणाला. "रात्री दोनला येतं. आपण उठायचं, भरायचं, परत झोपायचं. माणूस फिट राहतो, समीरभाऊ."

समीर हसला. टिपणीसांनी कपाळावर हात मारला असता, पण हाताला रस्सा होता. महेंद्रने त्यांचे नारळ आणि टॉवेल ठेवून घेतले, संध्याकाळी घरी पोचवतो म्हणाला, आणि निघताना हळूच विचारलं, "राजसी कुठंय? तिला नाही आणलं?"

"ती उल्हासनगरला येणार आहे, शेवटाला, आईबरोबर."

"तिच्यासाठी देऊ का बांधून? लहानपणी मायाच्या हातचा रस्सा लय आवडायचा तिला."

"नको रे, कुठे नेऊ धावताना," टिपणीस म्हणाले.

उल्हासनगर येईपर्यंत ऊन चढलं होतं. जीन्सची आणि फर्निचरची दुकानं अजून उघडायची होती, पण हासानंदच्या दारात नेहमीसारखी गर्दी होती. त्याने टिपणीसांना लांबूनच पाहिलं आणि गिऱ्हाइकं बाजूला सारून खुर्च्या टाकल्या. समीर आधीच एका खुर्चीत बसला होता. तो आता हरणासारखा दिसत नव्हता. त्याच्यापुढे कुरकुरीत पकवान, वाफाळती डाळ, वर चिंचेची चटणी आणि कांदा असं ताट होतं आणि तो त्याकडे परीक्षेत उत्तर न येणाऱ्या प्रश्नाकडे पाहावं तसा पाहत होता.

"आओ साईं, आओ! जमाई राजा पहली बार आया है, खाली पेट थोड़ी भेजूंगा?"

खाली पेट! टिपणीसांनी स्वतःच्या पोटावरून हात फिरवला. आत वाल होते, करंज्या होत्या, कोंबडी होती, आणि त्यांची आपसात बोलणी चालू होती. तरीही ते खाली बसले. नाही म्हणायची सोय त्यांनी स्वतःच ठेवली नव्हती. पहिला घास घेतल्यावर त्यांना नेहमीसारखं बरं वाटलं, हे त्याहून वाईट.

हासानंद समीरच्या शेजारी बसला. "बोलो बेटा, कहां रहते हो?"

"अभी पुणे में हूं अंकल. आगे शायद बंगलोर."

"बंगलोर!" हासानंदचा चेहरा उजळला. "अरे वाह! मेरे दोनों लड़के उधर ही हैं. क्या शहर है, साईं! क्या हवा है! गर्मी में भी पंखा नहीं लगता. मैं तो बोलता हूं, आंख बंद करके जाओ."

टिपणीस त्याला डोळ्यांनी खुणावू लागले. डोळ्यांनी भागेना म्हणून भुवयांनी, मग हातांनी. हासानंद घाबरून उठला. "अरे, पानी लाओ! साईं के गले में पकवान अटक गया!" त्याने टिपणीसांच्या पाठीत असा गुद्दा घातला की घशात नसलेलं पकवानही बाहेर आलं असतं.

तिथून पुढे दोघंही धावू शकले नाहीत. समीरने एक हात पोटावर ठेवला होता आणि टिपणीस पाय ओढत होते. मागे सगळ्यात शेवटी राहिलेल्यांना उचलायला ठेवलेली रुग्णवाहिका हळूहळू येत होती, आणि तिचा ड्रायव्हर अधूनमधून आशेने त्यांच्याकडे पाहत होता. टिपणीसांना मनातून शरम वाटत होती. या मुलाने कोल्हापूर, नाशिक, हैदराबाद तासा-दोन तासांत धावून काढलं होतं, आणि आपण त्याला आपल्या गावात आणून जेवणावळीत झोपवलं. गाव चांगलं म्हणायला आणलेल्या तिघांनी मिळून गावाची वाट लावली, ती वेगळीच.

"समीरराव, सॉरी हो," ते म्हणाले. "माझं जरा जास्तच झालं."

"नाही हो बाबा! मजा आली." समीर मनापासून बोलत होता. "खरं सांगू? एवढी माणसं माझ्यासाठी पहाटे उठून उभी राहिली असं आजवर कुठल्याच गावात झालं नाही. खालची जागाही मला आवडली. तुम्ही ती का दाखवलीत ते समजलं मला."

टिपणीसांचं काळीज सुपाएवढं झालं. पायातला गोळाही क्षणभर विसरला. "मग? मग विचार करा ना! काय अडचण आहे? बंगळूरची नोकरी अजून घेतली नाहीत ना तुम्ही?"

समीर थांबला. "मी?" तो गोंधळून म्हणाला. "बाबा, बंगळूरची नोकरी माझी नाहीये. राजसीला मिळालीय ती. मी तिच्याबरोबर चाललोय. तिथे गेल्यावर माझं बघेन काहीतरी."

मागची रुग्णवाहिकाही थांबली.

"राजसीला?"

"तिने तुम्हाला सांगितलं नाही? काल रात्री सांगणार होती. आम्ही आलो तेच त्यासाठी. मॅरेथॉन हे निमित्त."

टिपणीस चालू लागले. आता पाय दुखत होते की नाही हे त्यांना कळत नव्हतं. डोळ्यांपुढे फक्त गॅलरीत उभी असलेली राजसी येत होती. आणि महेंद्रचं पातेलं. मावशीच्या करंज्या. हासानंदचं ताट. सगळा रस्ता त्यांनी दुसऱ्याच माणसासाठी मांडला होता. ज्याला ओवाळलं, जेवू घातलं, पाटावर उभं केलं, तो राहायला तयार होता. आणि जिला जायचं होतं, तिला त्या सबंध रस्त्यावर कुणी एक घास दिला नव्हता, कारण ती आपलीच होती. आपण मूर्ख आहोत हे टिपणीस वर्षानुवर्षं गमतीने सांगत आले होते. आज ते खरं निघालं, आणि त्यात गंमत अजिबात नव्हती.

मैदानात ते शिरले तेव्हा मांडव उतरवायला सुरुवात झाली होती. बक्षिसं वाटून झाली होती. शेवटच्या रेषेवरचा चुना बऱ्याच पायांनी पुसून गेला होता. पलीकडे नीलिमा आणि राजसी उभ्या होत्या. राजसी दोन्ही हात वर करून ओरडत होती, "बाबा! या, या, झालंच!" शाळेच्या स्नेहसंमेलनात ते तिच्यासाठी ओरडत असत तशी. समीरने शहाणपणा करून चाल मंदावली आणि त्यांना पुढे जाऊ दिलं. टिपणीसांनी रेषा ओलांडली आणि समोरच्या बाकड्यावर बसकण मारली. राजसी त्यांच्याजवळ गुडघ्यावर बसली.

"काय घामाघूम झालायत बाबा! बरं वाटतंय ना?"

"बंगळूरला तू चाललीयेस," टिपणीस म्हणाले.

राजसीने समीरकडे पाहिलं. नीलिमा दुसरीकडे पाहू लागली. तिला सगळं ठाऊक होतं, हे टिपणीसांना त्या क्षणी समजलं.

"मी काल सांगणार होते."

"हो. मी ऐकलं नाही." त्यांनी धाप आवरली. "काम काय आहे तिथे?"

तिने नवलाने पाहिलं. नोकरी लागल्यापासून बाबांनी तिला पगार विचारला होता, जेवणाचा डबा विचारला होता, ऑफिसच्या गाडीची वेळ विचारली होती. काम काय, हे विचारलं नव्हतं. ती सांगू लागली. बँकांसाठी काहीतरी प्रणाली करायची होती, सगळी नवीन टीम तिने उभी करायची होती. तिच्या हाताखाली माणसं असणार होती. बोलता बोलता तिचा आवाज भरभर झाला, हात हलू लागले. टिपणीसांना त्यातलं निम्मंही समजलं नाही. पण कितीतरी दिवसांनी ते तिच्या तोंडाकडे नीट पाहत होते.

"तुला जायचंय?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा." ती थांबली. मग जणू चोरी कबूल करावी तशी हळूच म्हणाली, "खूप."

"मग जा."

एवढंच त्यांना बोलता आलं. पुढे आणखी चांगलं काही बोलायचं होतं, बापाने बोलावं असं, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. भर मैदानात, उतरत्या मांडवाखाली, लोक पाहत असताना. मुलगी चालली होती आणि तिला जायचं होतं. या दोन्ही गोष्टी एकदमच त्यांच्या छातीवर येऊन बसल्या होत्या. एकीचा अभिमान वाटत होता आणि दुसरी सोसवत नव्हती.

प्रथमोपचाराच्या टेबलावरच्या बाई स्प्रेची बाटली घेऊन धावत आल्या. "अगं बाई, पोटरीत गोळा आला वाटतं! रडू नका काका, पहिल्या वेळी होतं असं सगळ्यांना. कुठला पाय?"

राजसी काही सांगणार होती. टिपणीसांनी तिचा हात घट्ट धरला आणि मान हलवून तिला गप्प केलं. त्यांनी उजवा पाय पुढे केला. बाईंनी फवारा मारला, पोटरी चोळली आणि मायेने विचारलं, "आता बरं वाटतंय?"

"नाही," टिपणीस म्हणाले, आणि त्यांनी डावाही पुढे केला.